नवा डेल्को बसवला, पण टायमिंग लागत नाही?
अँबेसेडर (१४८९ सीसी पेट्रोल) आणि हरिकेन इंजिनाच्या जीपवाल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर, नेल्यावर फोन येतो तो साधारण असा: गाडी धड सुरू होत नाही, किंवा सुरू होते पण ओढत नाही. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. डेल्कोची बॉडी किती फिरवली? "पार टोकाला नेली तेव्हा कुठे चालू झाली" असं उत्तर आलं, की बहुतेक वेळा बिघाड डेल्कोत नसतो. वायरी चुकीच्या खोबणीत असतात, नाहीतर डेल्को फिरवणारा खालचा ड्राइव्ह एखादा दात सरकलेला असतो. तिथे हात न घालता बॉडीच फिरवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे पत्रक वर लिहिलेल्या दोन इंजिनांपुरतंच आहे. दोघांचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आणि दोघांचा रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा हात) वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून एकत्र घेतली. इसुझूचं १८०० सीसी इंजिन असलेल्या अँबेसेडरला यातलं काही लावू नका, त्यासाठी दुकानात विचारा.

आधी गॅप, मग टायमिंग

नवे पॉइंट (डेल्कोतली उघडमीट होणारी टोकं) आले म्हणजे गॅप बरोबरच असणार, असं धरून चालू नका. पॉइंटच्या तोंडावर गंजू नये म्हणून दिलेला थर असतो, तो कोरड्या फडक्याने पुसा. मग कॅमच्या उंचवट्यावर पॉइंटची टाच आणून फिलर गेज घाला: अँबेसेडरच्या लुकास डेल्कोला ०.०१४ ते ०.०१६ इंच, जीपच्या ऑटोलाइटला ०.०२० इंच. प्लगचा गॅप अँबेसेडरला ०.०२५, जीपला ०.०३० इंच ठेवा.

हा क्रम उलटा चालत नाही. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं, ठिणगी लवकर पडते. गॅप कमी केला की रिटार्ड, म्हणजे उशिरा. आधी टायमिंग लावून नंतर गॅप हलवला तर केलेलं सगळं पाण्यात.

लुकासमध्ये आणखी एक जागा आहे, जिथे चांगले चांगले मेकॅनिक फसतात. पॉइंटची स्प्रिंग ज्या खुंटीवर बसते त्या खुंटीवर टोपीसारखा छोटा प्लॅस्टिकचा बुश असतो. कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हींची टोकं या बुशावर, स्प्रिंगला चिकटून बसायला हवीत. खुंटीला किंवा बेसप्लेटला लागली की थेट अर्थ (गाडीच्या लोखंडाला जोड), आणि प्लगला करंट शून्य. खुंटीवर नट आवळताना ही टोकं थोडी फिरतात आणि कडेला टेकतात, म्हणून आवळून झाल्यावर टॉर्च मारून परत बघा. तिथेच बेसप्लेटपासून बॉडीकडे जाणारी विणलेली बारीक अर्थची वायर दिसेल. जुन्या डेल्कोत ती आतून तुटलेली असते, गाडी उभी असताना चालते आणि ॲक्सिलरेटर दिला की मिसिंग देते. आम्ही दुरुस्त करून दिलेल्या प्रत्येक डेल्कोत ही वायर नवी टाकलेली असते.

इंजिन टॉपवर आणणं

टॉप म्हणजे पिस्टन सर्वात वर असतानाची जागा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट दाबून धरा आणि हँडलने इंजिन सरळ दिशेने फिरवा. बोट आतून ढकललं जाऊ लागलं की ते कॉम्प्रेशन. मग पुलीवरची खूण टॉपच्या खुणेशी आणा. अँबेसेडरच्या टायमिंग कव्हरवर तीन दात असतात: लांब दात टॉपचा, आखूड दोन टॉपच्या आधीच्या ५ आणि १० अंशांचे. काही गाड्यांत ते पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, तेव्हा गाडीखाली जाऊन टॉर्च मारावी लागते. जुन्या काही जीपमध्ये खुणा पुलीवर नसून फ्लायव्हीलवर असतात आणि झाकण सरकवून पाहाव्या लागतात. खूण खडूने पांढरी करून ठेवा, पुढे गनच्या वेळी उपयोग होतो.

बोटावर भरवसा नसेल तर अँबेसेडरचं रॉकर कव्हर उघडा. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि एक उघडतोय, तर एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आहे. हे बघायची सवय लावून घ्या. टॉप दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा सायलेन्सरकडे धूर जाताना, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळेस सारखीच दिसते.

वायरी कशा चुकतात

इंजिन टॉपवर असताना कॅप काढून पाहा, रोटर कॅपच्या ज्या खोबणीकडे तोंड करून आहे ती एक नंबरची. तिथून घड्याळाच्या उलट ३, ४, २.

सरळ दिशेने फिरणाऱ्या डेल्कोची सवय असलेला माणूस घड्याळाच्या दिशेने वायरी लावतो. मग १ आणि ४ बरोबर बसतात, फक्त २ आणि ३ ची अदलाबदल होते. परिणाम मोठा फसवा: गाडी सुरू होते, दोन सिलिंडरवर थरथरत चालते आणि कार्बोरेटरमधून फटाके टाकते. कार्बोरेटर खोलायच्या आधी वायरी बघा.

चारही वायरी बरोबर समोरासमोर उलट्या गेल्या असतील तर गाडी सुरूच होत नाही, नुसती कार्बोरेटरमधून हवा फेकते. एक आणि चार, दोन आणि तीन अशी अदलाबदल केली की लगेच लागते.

ड्राइव्ह: खरं दुखणं इथे

दोन्ही इंजिनांत डेल्कोच्या शाफ्टच्या टोकाची जीभ मध्यावर नसते, किंचित एका बाजूला असते. त्यामुळे डेल्को उलटा बसू शकत नाही. इथपर्यंत ठीक आहे. पण ही जीभ ज्या खाचेत बसते ती खाच स्वतःच फिरलेली असली तर जीभ काय करणार?

जीपमध्ये ही खाच ऑइल पंपाच्या शाफ्टवर असते. पंप इंजिनाच्या डाव्या बाजूला बाहेरून बसतो आणि त्याचा गिअर कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो. पंपाच्या गॅस्केटमधून तेल गळतं म्हणून कोणीतरी पंप काढतो, नवं गॅस्केट घालून परत बसवतो आणि एक-दोन दात चुकतात. जुना डेल्को त्या चुकीवरच सांभाळून घेऊन चालत होता, तुम्ही नवा आणला आणि भांडं फुटलं. उपाय एकच. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर ठेवा, पंपाचे बोल्ट काढून तो गिअर सुटेपर्यंत बाहेर ओढा, एक दात सरकवून परत लावा आणि रोटर कुठे बघतो ते पाहा. गिअर तिरप्या दातांचा असल्याने आत जाताना शाफ्ट थोडा वळतो, तो हिशेब धरूनच घाला. पंप लावण्याआधी त्यात तेल भरा, कोरडा पंप तेल ओढायला वेळ लावतो.

अँबेसेडरमध्ये वेगळा ड्राइव्ह-शाफ्ट आहे. इंजिनाचं काम झालं असेल तर तो काढलेला असणार, आणि घाईत कसाही घातलेला असणार. डेल्को आणि त्याखालचं हाऊसिंग काढून ५/१६ यूएनएफ आट्यांचा लांब बोल्ट त्याच्या वरच्या टोकात फिरवा आणि वर ओढा, तो गोल फिरत बाहेर येतो.

एखादा दात चुकला तरी बॉडी फिरवून आणि वायरी सरकवून गाडी चालवता येते, हे खरं आहे. पण मग डेल्कोच्या बाजूचं व्हॅक्यूम युनिट इंजिनाला अडतं, क्लॅम्प नीट आवळत नाही आणि पुढच्या मेकॅनिकला काही कळत नाही. आमचं मत विचाराल तर अर्धा दिवस जाऊ द्या, पण ड्राइव्ह नीट करा.

दिव्याने टायमिंग

१२ व्होल्टचा साधा बल्ब दोन वायरींना लावा. एक टोक डेल्कोच्या लो-टेन्शन टर्मिनलला, दुसरं गाडीच्या बॉडीला. ६ व्होल्टची जुनी जीप असेल तर बल्बही ६ चा. इंजिन टॉपच्या ५ अंश आधी ठेवा. जीपचा कंपनीचा आकडाच ५ आहे आणि अँबेसेडरलाही आम्ही सुरुवात तिथूनच करतो. लुकासच्या व्हॅक्यूम युनिटशेजारी दातेरी नट असतो, त्यावर ए आणि आर लिहिलेलं असतं. तो आधी मधोमध आणून ठेवा.

चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डेल्कोची बॉडी आधी रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत न्या. मग हळूहळू घड्याळाच्या दिशेने आणा आणि बल्ब पेटल्या क्षणी थांबा, क्लॅम्प आवळा. बल्ब सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा घाण आहेत. कधीच पेटला नाही तर वायर कुठेतरी अर्थ झाली आहे, वर सांगितलेला बुश पाहा, किंवा कॉइलपर्यंत करंटच येत नाही. काम झाल्यावर चावी बंद करायला विसरू नका, पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

बॉडी घड्याळाच्या दिशेने म्हणजे ॲडव्हान्स, उलट म्हणजे रिटार्ड. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे बॉडीचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. बॉडीच्या कडेला एक मिलिमीटर सरकलं तरी क्रँकवर साधारण तीन अंश हलतात. म्हणून ठोकून फिरवू नका.

टायमिंग फार ॲडव्हान्स असेल तर हँडल उलटं मारतं. हँडल फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, विळखा घालू नका. मनगट मोडतं.

गन आणि घाट

टायमिंग गन (चालू इंजिनाच्या खुणेवर मारायचा दिवा) असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन मंद चालू ठेवून खूण पाहा. जीपच्या बऱ्याच डेल्कोंना व्हॅक्यूम युनिट नसतंच, तिथे ही कटकट नाही. इंजिनाचा वेग वाढवला की खूण सरकायला हवी. सरकलीच नाही तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी डेल्कोतली वजनं अडकली आहेत, तसा डेल्को आमच्याकडे परत आणा. खूण मागेपुढे नाचत असेल तर डेल्कोच्या शाफ्टचा बुश किंवा अँबेसेडरची टायमिंग चेन ढिली. आमच्या डेल्कोत हा बुश नवा असतो, तेव्हा आधी चेन तपासा.

शेवटचा निकाल रस्त्यावर. इंजिन गरम झाल्यावर खंबाटकीसारख्या चढाला टॉप गिअरमध्ये पाय दाबा. खडखड सुरू झाली आणि थांबली नाही तर दातेरी नट आरकडे थोडा फिरवा. जीपला हा नट नाही, तिथे बॉडीच केसभर हलवा. खडखड अजिबात नाही, पण पिकअपही नाही, सायलेन्सर फार तापतोय आणि पाणी उकळतंय, तर टायमिंग मागे आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुन्या कार्बोरेटरचं मिक्स्चर पातळ पडतं आणि गाडी ॲक्सिलरेटर देताना अडखळते. हे टायमिंगने जाणार नाही, जेट बघावे लागतील.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट घालणार असाल तर आधी पाहा की बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलं आहे. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे. किट निगेटिव्ह अर्थचं असेल तर पहिल्याच चावीला जळतं, आणि त्याची भरपाई आम्ही देत नाही.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे येतं. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग दोन्ही परत तपासा. कॅमवर ग्रीसचा पातळ हात आणि रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे दोन थेंब, याहून जास्त नको. उडालेलं तेल पॉइंटवर जाऊन बसतं.

एवढं करूनही जमलं नाही तर गाडी घेऊन या. येताना जुना डेल्को आणा, मोडका असला तरी. लुकासच्या बॉडीवर नंबर ठोकलेला असतो, त्यावरून मूळ डेल्को कोणता होता ते कळतं आणि वजनांच्या स्प्रिंगा त्याप्रमाणे जुळवून देता येतात.