ग्रो लाइटच्या खोक्यावरचे आकडे आले कुठून?

घरातल्या झाडांसाठी ग्रो लाइट बघायला लागलं की खोक्यावर त्याच त्या गोष्टी दिसतात: लुमेन, '१००० वॉटच्या तोडीचा', 'फुल स्पेक्ट्रम', शिवाय पानांसाठी निळा नि फुलांसाठी लाल असा सल्ला. यातल्या एकाही गोष्टीवरून रोपाला प्रकाश किती मिळेल हे थेट कळत नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या जुन्या दिव्याच्या काळातून आली आहे.

विजेच्या प्रकाशातही पानात हरितद्रव्य तयार होतं, हे फ्रान्समध्ये एर्वे मांगों यांनी १८६१ मध्ये आर्क दिव्याखाली (दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीवर चालणाऱ्या दिव्याखाली) दाखवलं. पुढे १८८० मध्ये विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरी मोहरी, गाजर, काकडी, खरबूज अशी रोपं रात्रीसुद्धा आर्क दिव्याखाली ठेवली. रोपं जोमानं वाढली, पण उघड्या दिव्याजवळची पानं करपली. मध्ये साधी काच घातल्यावर करपणं थांबलं, कारण आर्कमधले अतिनील किरण काच अडवते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांना १८९० च्या सुमारास लेट्यूसवर हाच अनुभव आला, आणि त्याच दिव्याखाली पालक पानं धरायचं सोडून बियांवर गेला. तेव्हा त्याचं नेमकं कारण कुणाला सांगता आलं नाही. ते कळलं १९२० मध्ये, गार्नर आणि अलार्ड यांनी दिवसमानाचा नियम मांडल्यावर: अनेक झाडं फुलोरा कधी धरायचा ते दिवसरात्रीच्या लांबीवरून ठरवतात. झाडाच्या लेखी प्रकाश हे अन्न आहेच, पण घड्याळही आहे, आणि दिवा निवडताना ही दोन कामं वेगळी धरावी लागतात. घड्याळासाठी अगदी मंद उजेड पुरतो. शेवंती फुलावर येऊ नये म्हणून रात्री काही वेळ साधा बल्ब लावण्याची पद्धत यावरच चालते. अन्नासाठी मात्र तोच तारेचा बल्ब कुचकामी. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि उरलेल्या प्रकाशात अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) भाग जास्त असल्यानं खोड ताणलं जातं.

लुमेनची गोष्टही याच काळातली. लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप. माणसाच्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ दिसतो याचा प्रमाण आलेख १९२४ मध्ये ठरला. त्याचं टोक ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पोपटी-हिरव्यावर आहे, आणि ६६० नॅनोमीटरच्या गडद लालला त्यात जेमतेम सहा टक्के वजन मिळतं. झाडं हाच लाल आवडीनं वापरतात. म्हणून लाल ग्रो लाइटखाली लक्समीटर (लुमेनच्याच हिशेबानं उजेड मोजणारं यंत्र) हास्यास्पद कमी आकडा दाखवतो, तर पिवळट दिवा उगाच भाव खाऊन जातो. दोन पांढऱ्या दिव्यांची तुलना लुमेनवर होऊ शकते. रंगीत दिव्यांची होत नाही.

१९३८ पासून बाजारात आलेल्या ट्यूबलाइटनं घरातलं बागकाम खऱ्या अर्थानं शक्य केलं. ट्यूब फार तापत नाही, त्यामुळे ती पानांपासून १०-१५ सेंटीमीटरवर टांगता येते. आफ्रिकन व्हायलेट आणि भाज्यांची रोपं तिच्याखाली छान होतात. उणिवा दोन: टोकांकडे उजेड कमी पडतो, आणि ट्यूब दिसायला ठीक असली तरी तिचा प्रकाश हळूहळू उतरत जातो. रोपं विनाकारण लांबडी होऊ लागली की आधी ट्यूबचं वय तपासावं.

'पानांना निळा, फुलांना लाल' हा सल्ला १९६० च्या दशकानंतरच्या दोन दिव्यांनी रुजवला. हाय प्रेशर सोडियमचा दिवा विजेच्या मानानं भरपूर प्रकाश द्यायचा, म्हणून काचघरांनी तो उचलला. पण त्यात निळा फारच थोडा, त्यामुळे कोवळी रोपं उंच आणि लेचीपेची व्हायची. मेटल हॅलाइडमध्ये निळा जास्त, म्हणून वाढीच्या काळात तो आणि फुलांच्या वेळी सोडियम, अशी जोडी ठरली. म्हणजे हा नियम झाडांचा कमी आणि त्या दोन दिव्यांच्या उणिवांचा जास्त. आजच्या चांगल्या पांढऱ्या एलईडीत निळा पुरेसा असतो, तेव्हा ऋतू पाहून दिवे बदलण्याची गरज नाही. ४००, ६००, १००० असे वॉट मोजण्याची सवयही सोडियमचीच. '१००० वॉटच्या तोडीचा' असं लिहिलेला दिवा प्रत्यक्षात १०० वॉटच खात असेल, तर त्याला १०० वॉटचा दिवाच समजावं.

हिरवा प्रकाश झाडाला नको असतो, हा समज पाठ्यपुस्तकातल्या आलेखातून आला. तो आलेख पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. कीथ मॅक्री यांनी टेक्ससमध्ये २२ जातींच्या पिकांची अख्खी पानं तपासली आणि १९७२ मध्ये निकाल छापले. लाल सर्वात सरस ठरला हे खरं, पण हिरवाही चांगलाच कामाला आला. अख्ख्या पानात हिरवा प्रकाश आत खोलवर शिरतो, पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि बराचसा शोषला जातो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सारखे धरून नुसते मोजावेत, ही आज रूढ असलेली पद्धत याच कामावर उभी आहे. दिवा दर सेकंदाला किती मायक्रोमोल (फोटॉनची संख्या मोजायचं एकक) फोटॉन सोडतो तो पीपीएफ, आणि पानाच्या पातळीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती पोचतात तो पीपीएफडी.

मग जांभळे दिवे का आले? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटानं १९९१ मध्ये अवकाशातल्या शेतीसाठी लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवलं, तेव्हा निळ्यासाठी त्यांना ट्यूब जोडावी लागली, कारण दमदार निळी एलईडी तोवर नव्हतीच. ती १९९३ मध्ये आली. लाल आणि निळ्या चिप विजेचं प्रकाशात रूपांतर उत्तम करत, हिरव्या मात्र मागे होत्या. कमी विजेत जास्त फोटॉन हवे असतील तर लाल-निळा हा हिशेब बरोबर होता. घरात मात्र जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं. पिवळेपणा, कोळ्याची जाळी, मावा हे सगळं उशिरा लक्षात येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या 'व्हेजी' या लागवड-संचातही लाल-निळ्याबरोबर हिरव्या एलईडी आहेत. दरम्यान निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश शोषून पिवळा सोडणारा लेप) चढवून पांढरी एलईडी तयार झाली आणि तिची कार्यक्षमता वाढत गेली. घरासाठी पांढरा दिवाच घ्यावा, हवं तर त्यात थोड्या ६६० नॅनोमीटरच्या लाल चिप असलेला. 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दांची कुठलीही बांधील व्याख्या नाही. जांभळ्या दिव्यावरही ते छापलेले असतात.

निवडताना खरा आकडा म्हणजे एका जूल विजेमागे किती मायक्रोमोल. ट्यूब एकाच्या आसपास, मोठा सोडियम जास्तीत जास्त १.७, चांगलं एलईडी पॅनेल २.५ ते ३. खोक्यावर फक्त लुमेन असतील तर पांढऱ्या एलईडीसाठी लुमेनला ७० नं भागलं की पीपीएफचा अंदाज येतो. समजा १० वॉटचा, १००० लुमेनचा साधा बल्ब आहे: साधारण १४ मायक्रोमोल. फळी ५० बाय ५० सेंटीमीटरची आणि ७० टक्के प्रकाश तिच्यावरच पडला, तर पीपीएफडी सुमारे ३९ येतो. त्याला तासांनी आणि ०.००३६ नं गुणलं की दिवसभराची बेरीज मोलमध्ये मिळते. १४ तासांना ती जेमतेम २ मोल. शोभेच्या पानझाडांना ४ ते ६ मोल लागतात, म्हणजे असे दोन-तीन बल्ब. लेट्यूससारख्या पालेभाजीला १२ च्या वर हवेत, तेव्हा बल्बांची माळ लावण्यापेक्षा ३५-४० वॉटचं चांगलं पॅनेल परवडतं. टोमॅटो-मिरचीला २० च्या वर लागतात, आणि तिथे खिडकीतलं ऊन हाताशी असेल तर बराच भार त्याच्यावर टाकावा.

उजेड कमी पडतो म्हणून चोवीस तास दिवा ठेवणं हा उपाय नाही. अखंड उजेडात टोमॅटोची पानं ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात. १४ ते १६ तासांचा टायमर लावावा. तरी रोपं लांबत असतील तर दिवा जवळ आणावा, वरची पानं पांढरट पडून वर वळत असतील तर लांब न्यावा.

सर्वात नवा घोळ अतिलालचा आहे. २०२० च्या आसपास युटा स्टेट विद्यापीठातल्या झेन आणि बग्बी यांनी दाखवलं की ७०० ते ७५० नॅनोमीटरचे फोटॉनही बाकीच्या प्रकाशाच्या जोडीनं प्रकाशसंश्लेषणाला हातभार लावतात. तेव्हापासून मोजणीची हद्द ७५० पर्यंत न्यावी असा आग्रह सुरू झाला. त्यामुळे दोन दिव्यांचे पीपीएफ ताडून बघताना दोन्ही आकडे एकाच हद्दीतले आहेत का, हे माहितीपत्रकात आधी बघून घ्यावं.