परिचारिकांवरील कामाचा अतिभार

एका पाळीत जितक्या रुग्णांची शुश्रूषा नीट करता येईल, त्याहून जास्त रुग्ण एका परिचारिकेकडे रोजच्या रोज असणे, याला कामाचा अतिभार म्हणतात. साथीच्या दिवसांत किंवा मोठ्या अपघाताच्या रात्री कुठलाही वॉर्ड ओसंडून वाहतो. तो ताण यात धरत नाहीत. नेहमीची ड्युटीच तशी लागत असेल, तर तो अतिभार. कामातले समाधान ओसरणे आणि नोकरी सोडावीशी वाटणे हे त्याचे परिणाम अनेक देशांत तपासले गेले आहेत. ही नोंद परिचारिकांविषयी असली, तरी त्याच वॉर्डात राबणाऱ्या पुरुष परिचारकांनाही, म्हणजे ‘ब्रदर’ मंडळींनाही, ती तितकीच लागू आहे.

अतिभार मोजण्याचे रूढ माप म्हणजे परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाण. परिचर्या-शिक्षणाचे नियमन करणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयांतल्या सामान्य वॉर्डांसाठी १:३ आणि इतर रुग्णालयांसाठी १:५ असा सांगितला जातो. हा आकडा वाचताना फसगत होते. तो तिन्ही पाळ्या धरून आहे. १:३ म्हणजे एका पाळीत १:९. रजेवर जाणाऱ्यांच्या बदली ३० टक्के जादा परिचारिका असाव्यात, हेही त्यात गृहीत आहे. त्या जागा भरल्या नाहीत की कागदावरचे प्रमाण वॉर्डात उतरत नाही. सरकारी रुग्णालयात चाळीस-पन्नास रुग्ण, त्यांतले काही जमिनीवरच्या गादीवर, आणि रात्रपाळीला दोन सिस्टर, हे दृश्य नवे नाही.

रुग्णसंख्येत न दिसणारा भारही असतो. मावशी रजेवर, मामा स्ट्रेचर घेऊन एक्स-रेला गेलेले, औषधे आणायला माणूस नाही. मग ती कामे सिस्टरकडेच येतात. नोंदवह्या आणि संगणकावरच्या नोंदी वेगळ्याच. पाळी संपली तरी पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ दिल्याशिवाय, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवल्याशिवाय, निघता येत नाही, आणि ती आलीच नाही तर डबल ड्युटी ठरलेली. रात्रपाळी उतरून घरी गेलेल्या बाईला तिथे मुलांचा डबा आणि सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी वाट पाहत असते. हे तास पाहण्यांत सहसा धरले जात नाहीत. ते धरायला हवेत.

या विषयावरचा सर्वांत परिचित अभ्यास अमेरिकी परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा, २००२ सालचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांतल्या दहा हजारांहून अधिक परिचारिकांची त्यांनी पाहणी केली आणि शस्त्रक्रिया झालेल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहिल्या. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिची उमेद पूर्ण खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीविषयी असमाधानाची १५ टक्क्यांनी आणि रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. खचलेल्या आणि असमाधानी परिचारिकांपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडण्याच्या विचारात होत्या. ज्या खचल्या नव्हत्या आणि समाधानी होत्या, त्यांच्यात हेच प्रमाण ११ टक्के होते. तासांचा परिणामही असाच दिसतो. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात, दहा तास किंवा त्याहून लांब पाळी करणाऱ्यांमध्ये खचण्याची आणि असमाधानाची शक्यता आठ-नऊ तासांची पाळी करणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पटींपर्यंत आढळली.

पण दमलेले माणूस झोप काढून पुन्हा कामाला लागते. मग समाधान कशाने जाते? याचे उत्तर राहून गेलेल्या कामात आहे. अमेरिकी परिचर्या-संशोधक बिअट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये परिचारिकांना बोलते करून, घाईत नेमके काय सुटते ते नोंदवले: रुग्णाला कुशीवर वळवणे, उठवून चार पावले चालवणे, वेळेवर भरवणे, तोंड धुणे आणि अंग पुसणे, शरीरात पाणी किती गेले आणि बाहेर किती आले त्याची नोंद, घरी गेल्यावर काय करायचे ते समजावणे, जवळ बसून धीर देणे. इंजेक्शन आणि सलाइन सहसा चुकत नाही, कारण ते न दिल्याचे कागदावर उमटते. सुटते ते ज्याला शुश्रूषा म्हणतात तेच. कूस न बदललेल्या म्हाताऱ्या आजींच्या पाठीला चार दिवसांनी जखम दिसते, तेव्हा हे आपल्याला कळत होते आणि तरी जमले नाही, ही टोचणी घेऊन सिस्टर घरी जाते. योग्य काय ते ठाऊक असून परिस्थितीमुळे ते करता न येण्याच्या या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ अशा अर्थाचे नाव दिले. अतिभाराची खरी इजा इथे होते; नुसत्या पगारवाढीने ती भरून येत नाही.

नोकरी सोडावीशी वाटणे आणि सोडणे यांत अंतर आहे. सरकारी सेवेतली कायम अधिपरिचारिका सहसा राजीनामा देत नाही. निवृत्तिवेतन आणि घरचे हप्ते तिला धरून ठेवतात. तिची इच्छा बदलीच्या अर्जात, लांबत गेलेल्या रजेत, वॉर्ड सोडून कार्यालयीन काम मागण्यात दिसते. खाजगी रुग्णालयांत मात्र माणसे खरोखर निघून जातात, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याचे रुग्ण वाढतात. तिथे तुटपुंज्या पगाराची भर पडते. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी तिची शिफारस होती. केरळमधून आखाती देशांत आणि युरोपात जाणाऱ्या परिचारिकांची वाट जुनी आहे. महाराष्ट्रातल्या मुलीही आता त्या वाटेने जातात.

परिचारिकांना टिकवून धरणारी रुग्णालये कशी असतात, हा प्रश्न अमेरिकेत १९८३ मध्ये उलट बाजूने विचारला गेला. १६३ रुग्णालये तपासून त्यांतली ४१ ‘चुंबक रुग्णालये’ म्हणून निवडली गेली. वॉर्डातल्या निर्णयांत परिचारिकेचे मत चालणे आणि पुरेशी माणसे असणे, या गोष्टी तिथे समान आढळल्या. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रमाण बंधनकारक केले. सामान्य वॉर्डात ते २००५ पासून १:५ आहे आणि ते प्रत्येक पाळीला, सर्व वेळ पाळावे लागते.

पेनसिल्व्हेनियाची पाहणी एका वेळची होती, त्यामुळे कार्यकारणभाव तिने पक्का होत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ मध्ये दिवसा १:४ आणि रात्री १:७ असे सरासरी किमान प्रमाण ठरावीक सरकारी रुग्णालयांना लावले, तेव्हा आधी आणि नंतर अशी तुलना शक्य झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या रुग्णालयांत परिचारिकांवरचा भार उतरला, आणि मृत्यू, पुन्हा भरती होणे व मुक्कामाचे दिवस यांबाबत ती इतर रुग्णालयांहून सरस ठरली. टळलेल्या भरत्या आणि वाचलेले दिवस यांतून झालेली बचत नव्या परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होती.