नाव बरोबर, क्रमांक चुकीचा

विंडोजच्या नेटवर्कवर एखादा फोल्डर एखाद्या ग्रुपला खुला केला की पडद्यावर त्या ग्रुपचं नाव दिसतं. पण फोल्डरच्या परवानगी-यादीत ते नाव लिहिलेलंच नसतं. तिथे असतो एक लांबलचक क्रमांक, सिक्युरिटी आयडेंटिफायर, म्हणजे एसआयडी. नाव आपल्या सोयीसाठी असतं, संगणक विचारतो तो क्रमांकालाच. म्हणून ग्रुपचं नाव बदललं तरी परवानग्या शाबूत राहतात. उलट ग्रुप उडवून त्याच नावाने पुन्हा केला, तर जुनी एकही परवानगी त्याला लागू होत नाही.

डोमेनमधल्या, म्हणजे एकाच व्यवस्थेखाली चालणाऱ्या संगणकांच्या आणि खात्यांच्या समूहातल्या, ग्रुपचा एसआयडी बहुधा एस-१-५-२१ असा सुरू होतो. पुढे ३२ बिटांच्या तीन संख्या येतात. त्या डोमेनची ओळख. शेवटचा आकडा, म्हणजे आरआयडी, त्या ग्रुपचा स्वतःचा. काही आरआयडी ठरलेलेच आहेत: ५१२ म्हणजे डोमेन अ‍ॅडमिन्स, ५१३ म्हणजे डोमेन युजर्स.

घोळ होतो तो मधल्या तीन संख्यांत. लिनक्स सर्व्हरवर सांबा (विंडोजच्या संगणकांना फाइल्स आणि लॉगिन पुरवणारं सॉफ्टवेअर) चालवून खाती एलडॅप डिरेक्टरीत (खात्यांच्या आणि ग्रुपच्या मध्यवर्ती नोंदवहीत) ठेवली असतील, तर एसआयडी दोन ठिकाणी नांदतो: सर्व्हरकडे आणि डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीत. सर्व्हर नव्याने उभारला, पण ग्रुप तयार करणाऱ्या स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये जुना एसआयडी तसाच राहिला, की नवे ग्रुप परक्या डोमेनचा क्रमांक घेऊन जन्माला येतात. एररचा संदेश येईलच असं नाही. माणूस लॉगिन करतो, ग्रुपमध्ये त्याचं नावही दिसतं, तरी फोल्डर उघडत नाही.

तपासायला दोन कमांड पुरतात. ‘नेट गेटलोकलसिड’ सर्व्हरचा एसआयडी दाखवते आणि ‘नेट ग्रुपमॅप लिस्ट’ प्रत्येक ग्रुपचा. दोन्ही शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहावा.

फरक सापडला की हात लगेच ग्रुपच्या नोंदींकडे जातो. तिथे थांबावं, असं मी आग्रहाने सांगेन. आधी ठरवा, चुकलंय कोण? सगळे ग्रुप आणि सगळी खाती एकच क्रमांक सांगत असतील आणि सर्व्हर एकटाच वेगळा असेल, तर बदलायचा तो सर्व्हर. ‘नेट सेटलोकलसिड’ने त्याला जुना क्रमांक परत देता येतो. खात्यांना हात लावू नये, कारण विंडोज प्रत्येकाचं प्रोफाइल (त्याचा डेस्कटॉप आणि सेटिंग्ज) एसआयडीवरून शोधतं. खात्यांचे क्रमांक बदलले, तर दुसऱ्या दिवशी लोकांसमोर कोरे डेस्कटॉप येतील. फाइल्स डिस्कवर असतात, पण त्यांचा मालक जुना क्रमांक असतो.

मोजकेच ग्रुप चुकले असतील, तर मात्र नोंदीच दुरुस्त कराव्यात. आधी ‘स्लॅपकॅट’ने डिरेक्टरीची पूर्ण प्रत काढून ठेवावी. मग ‘एलडॅपमॉडिफाय’ने ‘सांबाएसआयडी’ या रकान्यात डोमेनचा भाग बदलावा. आरआयडीला हात लावू नये. खात्यांच्या नोंदीत ‘सांबाप्रायमरीग्रुपएसआयडी’ असा आणखी एक रकाना असतो. त्यातही तोच चुकीचा क्रमांक लपलेला असू शकतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो.

एवढं करूनही फोल्डर उघडला नाही तर घाबरू नका. ग्रुपचे क्रमांक लॉगिनच्या क्षणी अ‍ॅक्सेस टोकनमध्ये (वापरकर्त्याच्या ओळखचिठ्ठीत) भरले जातात आणि ते टोकन लॉगआउट होईपर्यंत तसंच राहतं. ‘नेट कॅश फ्लश’ने सांबाची साठवलेली माहिती पुसावी आणि वापरकर्त्याला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगावं.