मोल (इंग्रजी शब्द)

मोल : इंग्रजीत एकाच स्पेलिंगने लिहिले जाणारे, पण व्युत्पत्तीने वेगवेगळे असलेले शब्द. तीळ, बिळे करणारा प्राणी, समुद्रातील बांध, रसायनशास्त्रातील एकक, गर्भाशयातील विकृत वाढ आणि मेक्सिकन रस्सा असे त्याचे अर्थ असून चांगले कोश त्यांच्या स्वतंत्र नोंदी देतात. मराठीतील ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’वरून आलेला असल्याने त्याचा यांतील कशाशीच संबंध नाही.

अंगावरच्या तिळाचा शब्द अस्सल जर्मॅनिक आहे. जुन्या इंग्रजीत ‘माल’ म्हणजे डाग, विशेषतः कापडावरचा. पुढे तो त्वचेवरच्या खुणेसाठी रूढ झाला.

प्राण्याची कथा अधिक रंजक आहे. मखमली केसांचा, जवळजवळ आंधळा आणि फावड्यासारख्या पंजांनी जमीन पोखरणारा हा जीव चिचुंद्रीसारखा दिसत असला, तरी वेगळा आहे. त्याचे जुने इंग्रजी नाव ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती फेकणारा. आजचे नाव त्याचेच आखूड रूप असावे किंवा डच ‘मोल’वरून आलेले असावे, अभ्यासकांत यावर एकमत नाही. जर्मनमध्ये मात्र मातीवाचक पूर्वपद लोकांना कळेनासे झाले आणि त्याच्या जागी ‘तोंड’ या अर्थाचा ‘माउल’ येऊन ‘माउलवुर्फ’ झाले. प्राणी माती तोंडाने नव्हे, पंजांनी उकरतो. पण लोकव्युत्पत्तीला अशा तपशिलांची फिकीर नसते.

या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाला ‘मोलहिल’ म्हणतात. राईचा पर्वत करणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारात राईच्या जागी हाच ढीग आहे. 1702 मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले आणि काही दिवसांतच तो मरण पावला. घोडा अशाच ढिगाला अडखळला, असे सांगतात. त्याने पदच्युत केलेल्या दुसऱ्या जेम्सचे समर्थक त्यानंतर ‘काळ्या मखमली जाकिटातल्या छोट्या सद्गृहस्था’च्या, म्हणजे या प्राण्याच्या, नावाने मद्याचे प्याले उंचावत.

शत्रूच्या यंत्रणेत वर्षानुवर्षे दडून बसलेला हेर हा अर्थ याच प्राण्यावरून आला. त्यामुळे तो निराळा शब्द नव्हे, अर्थविस्तार आहे. 1970 च्या दशकात हेरकादंबऱ्यांमुळे तो घरोघरी पोहोचला; मात्र इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1622 मध्येच इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्या चरित्रात गुप्त कारवाया करणाऱ्यांना ‘मोल’ म्हटले होते.

बांध आणि एकक यांचे नाते सहसा लक्षात येत नाही. लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे प्रचंड राशी, अवजड बांधकाम. त्यावरून फ्रेंचमार्गे लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाला ‘मोल’ नाव मिळाले. इ. स. पू. 332 मध्ये अलेक्झांडरने टायर बेटावरील शहर जिंकण्यासाठी समुद्रात भर घालून उभारलेल्या मार्गालाही इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत हाच शब्द वापरतात. त्या भरावाभोवती पुढे गाळ साचत गेला आणि बेट कायमचे मुख्य भूमीला जोडले गेले.

‘मोलेस’चेच लघुत्वदर्शक रूप ‘मोलेक्युला’, म्हणजे इवलीशी राशी. त्यापासून ‘मॉलिक्यूल’ (रेणू) आला, आणि 1890 च्या दशकात विल्हेल्म ऑस्टवाल्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केलेला ‘मोल’ त्याच घराण्यातला. 1971 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीचा सातवा मूलभूत एकक झाला. 20 मे 2019 पासून एक मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण. पाण्याचे इतके रेणू सुमारे 18 ग्रॅम भरतात. ज्या शब्दाने समुद्रातले अजस्र बांध ओळखले जात, त्याचाच वंशज आज रेणू मोजतो.

वैद्यकातील ‘मोल’, म्हणजे गर्भाशयात गर्भाऐवजी होणारी विकृत वाढ, लॅटिन ‘मोला’वरून म्हणजे जात्याच्या दगडावरून आला. दाढेला ‘मोलर’ म्हणतात तेही दळण्यावरूनच. रसायनशास्त्रातील ‘मोलर’ द्रावणाशी त्याचे नाते नाही.

मेक्सिकन पदार्थाचे स्पेलिंग तेच असले तरी उच्चार ‘मोले’ होतो. नाहुआत्ल भाषेत ‘मोल्ली’ म्हणजे रस्सा किंवा सॉस. ॲव्होकाडोच्या ‘ग्वाकामोले’त शेवटी ऐकू येतो तो हाच शब्द.