सदस्य म्हणजे नेमका कोण? प्रतिज्ञापत्रापासून ग्रुपपर्यंत

कुणीतरी आपला नंबर अ‍ॅड करतो आणि आपण एखाद्या ग्रुपमध्ये जाऊन पडतो. तो ग्रुप बंदी असलेल्या संघटनेचा प्रचार करणारा निघाला, तर कायद्याच्या नजरेत आपण त्या संघटनेचे सदस्य झालो का? प्रश्न स्मार्टफोनच्या काळातला वाटतो, पण त्यातला अवघड शब्द शंभर वर्षांहून जुना आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, ‘सदस्य’ या शब्दाची व्याख्या आजही नाही.

सदस्यत्व हाच गुन्हा ही कल्पना आपल्याकडे ब्रिटिशांनी आणली. बंगालमधल्या क्रांतिकारी समित्यांना आवर घालण्यासाठी १९०८ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारने एखादी संघटना बेकायदा ठरवली की तिच्या सदस्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, काँग्रेसची स्वयंसेवक दले याच कायद्याने बेकायदा ठरली. तेव्हा सदस्य कोण, हे शोधावे लागत नव्हते. स्वयंसेवक प्रतिज्ञापत्रावर स्वतःहून सही करत आणि त्यासाठी तुरुंगात जायलाही तयार असत.

स्वातंत्र्यानंतर हे हत्यार तसेच वापरता येईना. १९५२ मध्ये व्ही. जी. रो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातली मद्रास राज्याची दुरुस्ती रद्द केली. सरकारला वाटले म्हणून संघटना बेकायदा ठरवायची आणि त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणीच होऊ द्यायची नाही, हे संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत आहे, असा तो निकाल होता. १९६७ च्या यूएपीएत न्यायाधिकरण आले ते यामुळे. बंदीचा निर्णय उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे टिकावा लागतो. मात्र २००४ च्या दुरुस्तीने दहशतवादी संघटनांची जी स्वतंत्र यादी कायद्याला जोडली, तिच्यासाठी न्यायाधिकरणाची ही पायरी नाही.

जगात या प्रश्नाचा सर्वांत मोठा कस दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात लागला. १ ऑक्टोबर १९४६ च्या निकालात एसएस हे नाझी पक्षाचे निमलष्करी दल आणि गेस्टापो हे गुप्त पोलिस दल, या संघटनाच गुन्हेगार ठरल्या. लाखो माणसे त्यांत होती. न्यायाधीशांनी त्यातून दोन प्रकारचे लोक बाहेर काढले: संघटनेची गुन्हेगारी कृत्ये ज्यांना ठाऊक नव्हती ते, आणि सरकारनेच ज्यांना मर्जीविरुद्ध भरती केले ते. यांतही जे स्वतः गुन्ह्यात सामील होते त्यांना सूट नव्हती. माहिती होती का आणि मर्जी होती का, हे दोन प्रश्न तिथे पक्के झाले. परवानगीशिवाय ग्रुपमध्ये ओढल्या गेलेल्या माणसाबद्दल आज नेमके हेच विचारावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये आणखी एक अट जोडली. सदस्य सक्रिय हवा आणि संघटनेचा हिंसक हेतू पुढे नेण्याचा त्याचा स्वतःचा इरादा हवा. नावापुरता सभासद शिक्षेला पात्र नाही.

हा अमेरिकी विचार आपल्याकडे फेब्रुवारी २०११ मध्ये आला. आसाममधल्या उल्फा या बंदी असलेल्या फुटीरतावादी संघटनेचा सदस्य असल्याच्या आरोपावरून टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्या आरोपीची, अरूप भुयान यांची, सर्वोच्च न्यायालयाने मुक्तता केली. हिंसा केली नसेल, तिला चिथावणी दिली नसेल, तर निव्वळ सदस्यत्व गुन्हा नाही, असे दोन न्यायमूर्तींचे म्हणणे होते. बारा वर्षे हा निकाल बचाव पक्षाचा आधार होता. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो उलटवला. बंदीनंतरही सदस्य राहणे हाच यूएपीएच्या कलम १० खाली गुन्हा, वेगळी हिंसक कृती दाखवण्याची गरज नाही. योगायोग असा की २०१५ मध्ये याच तारखेला, २४ मार्चला, याच न्यायालयाने ऑनलाइन मजकुरासाठी अटक घडवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ रद्द केले होते आणि चर्चा, एखाद्या विचाराचे समर्थन व चिथावणी यांत स्पष्ट रेषा आखली होती.

कलम १० चे शब्द आहेत: जो सदस्य ‘आहे आणि राहतो’. माझ्या मते सगळी मेख या ‘राहतो’मध्ये आहे. पूर्वी सदस्य राहायला काहीतरी करावे लागे. वर्गणी, बैठक, हजेरी. काही केले नाही की माणूस आपोआप गळून पडायचा. ग्रुपमध्ये उलटे झाले आहे. राहायला काहीच करावे लागत नाही, लेफ्ट व्हायलाच कृती लागते. म्यूट करून विसरलेल्या ग्रुपमध्ये माणूस वर्षानुवर्षे ‘राहतो’. त्यात बंदीची माहिती पोहोचवण्याचे जे मार्ग कायदा सांगतो, ते वर्तमानपत्र, संघटनेच्या कार्यालयावर प्रत चिकटवणे, त्या भागात दवंडी किंवा लाऊडस्पीकर असे आहेत. नाव बदलून चालणाऱ्या ग्रुपला ना कार्यालय, ना भाग.

ग्रुपबद्दल आपल्या न्यायालयांनी जे थोडे सांगितले आहे ते अ‍ॅडमिनपुरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. प्रकरण महिलेबद्दलच्या अश्लील टिप्पणीचे होते, अतिरेकी संघटनेचे नव्हे. पण तर्क महत्त्वाचा आहे: समान इरादा किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजची फौजदारी जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही.

दहशतवादी संघटनांच्या बाबतीत कलम ३८ आणि ३९ मध्ये इरादा हा शब्द कायद्यातच आहे. त्यांचे कार्य पुढे नेण्याच्या हेतूने संबंध ठेवला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयसिसशी संबंधित एका प्रकरणात जामीन देताना हेच पाहिले. आक्षेपार्ह साहित्य डाउनलोड करणे, मोबाइलमध्ये बाळगणे, एवढ्यावरून माणूस त्या संघटनेशी जोडला गेला असे ठरत नाही. तपासात म्हणूनच ग्रुपच्या यादीतल्या नावापेक्षा पुढच्या गोष्टींना वजन यायला हवे: लिंक स्वतः उघडली की कुणी अ‍ॅड केले, पुढे काय फॉरवर्ड केले, पैसे पाठवले का, आणखी कुणाला ओढले का.

फ्रान्सने तर नुसत्या पाहण्यालाच गुन्हा ठरवले होते. दहशतवादी संकेतस्थळे वारंवार पाहण्याबद्दलचे कलम, कायदे राज्यघटनेशी ताडून पाहणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द केले, संसदेने ते सुधारून लगेच परत आणले आणि डिसेंबरमध्ये परिषदेने पुन्हा रद्द केले.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातही बेकायदा संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिक्षेचा आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. यूएपीएच्या कलम ४३ड मुळे, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर दहशतवादाशी संबंधित कलमांखाली जामीन मिळत नाही. केरळमधल्या दोन विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये माओवादी साहित्य बाळगल्यावरून अटक झाली. केवळ साहित्य आणि संबंध यांवरून संघटनेचे कार्य पुढे नेण्याचा इरादा सकृद्दर्शनी दिसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा ऑक्टोबर २०२१ संपत आला होता. त्यांतला एक जण तेव्हाही तुरुंगात होता.