आरडीए टूलकिट: वर्गणी कशी घ्यायची, बदल कसे तपासायचे, दुरुस्ती कशी सुचवायची

ग्रंथांच्या नोंदी (तालिका) कशा करायच्या याच्या जुन्या नियमांचं पुस्तक, म्हणजे एएसीआर-२, एकदा विकत घेतलं की वर्षानुवर्षं त्यावर काम चालायचं. त्याच्या जागी आलेल्या आरडीए या नियमसंचाचं तसं नाही. हे नियम ज्यात मिळतात ते जून २०१० मध्ये सुरू झालेलं टूलकिट ऑनलाइनच वापरायचं असतं आणि त्यातला मजकूर अधूनमधून बदलत राहतो. १५ डिसेंबर २०२० पासून तर नव्या मांडणीचं टूलकिट अधिकृत झालं. नाशिकच्या ग्रंथपालांचा पहिला प्रश्न असतो, हे आपण घ्यावं का?

पात्रतेची अट नाही. ग्रंथालय 'अ' वर्गाचं आहे की 'ड' वर्गाचं, शासनमान्य आहे की खासगी, याला इथे महत्त्व नाही. एकट्याने तालिकीकरणाचं काम करणाऱ्यालाही वर्गणी घेता येते. एकाच वेळी किती जण वापरणार, यावर रक्कम ठरते. तुमच्या कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक नोंदी बाहेरून उतरवून घेतल्या जात असतील, तर माझ्या मते घाई करू नका. संगणकावर नोंद साठवायच्या मार्क २१ या साच्याचं स्वरूप लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत आहे, आरडीए रजिस्ट्री या ऑनलाइन संज्ञासूचीतल्या संज्ञाही मोफत आहेत. पण १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संग्रहात अशी मराठी पुस्तकं निघतात, की ज्यांची नोंद आपल्यालाच पहिल्यापासून करावी लागते. असं काम असेल तर वर्गणीचा खर्च सार्थकी लागतो.

आधी टूलकिटच्या प्रकाशकांकडे मोफत चाचणीची मागणी करा. नंतर संस्थेचं नाव-पत्ता, संपर्काचा ईमेल, वापरकर्त्यांची संख्या आणि ग्रंथालयाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) देऊन कोटेशन मागवा. आयपी पत्ता इंटरनेट पुरवणाऱ्याकडून लेखी घ्या, तो स्थिर नसेल तर युजरनेम-पासवर्डची सोय मागा. ग्रंथालय समितीचा ठराव, कोटेशन आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस एकाच फाईलला लावा. पैसे परकीय चलनात जाणार असतील तर बँक पॅन आणि ए-२ अर्ज मागते. कराचा भाग लेखापालाकडून आधीच तपासून घ्या, नाहीतर मार्चअखेरीस बिल अडकतं.

नव्या टूलकिटमध्ये २.३.२ सारखे जुने नियमक्रमांक नाहीत. जुन्या प्रशिक्षणातल्या टिपणांवर तेच क्रमांक असल्याने सुरुवातीला चाचपडायला होतं. त्याऐवजी कृती (मूळ रचना), अभिव्यक्ती (तिचं एखादं रूप, जसं अनुवाद), प्रकटीकरण (प्रकाशित आवृत्ती), प्रत, व्यक्ती अशा तेरा घटकांभोवती मजकूर रचला आहे. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर आधी बदलांची यादी उघडा आणि आपण रोज वापरतो त्याच घटकांचे बदल वाचा. सगळं वाचण्याची गरज नाही.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या कविता 'कुसुमाग्रज' नावाने, नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' नावाने. एएसीआर-२ मध्ये लेखकनामाची दोन स्वतंत्र शीर्षकं करून परस्परसंदर्भ देत असू. नव्या आरडीएत व्यक्ती एकच आणि ही तिची दोन नावं. कवितासंग्रहाला कोणतं नाव पसंतीचं धरायचं, हे मात्र ग्रंथालयाने स्वतःच्या धोरणात लिहून ठेवायचं. नियम पर्याय देतो, निवड आपली. हे धोरणाचं पान केलं नाही, तर दोन कर्मचारी एकाच लेखकाच्या दोन तऱ्हेच्या नोंदी करतील आणि वाचकाला अर्धीच पुस्तकं सापडतील.

नियमच अपुरा वाटला तर दुरुस्ती सुचवता येते. हे नियम ठरवणाऱ्या आरडीए सुकाणू समितीत जगाचे सहा विभाग आहेत आणि भारत आशिया विभागात येतो. प्रस्ताव विभागाच्या प्रतिनिधीमार्फत पाठवायचा. त्यात सध्याचा मजकूर, त्यावर खुणा करून दाखवलेला बदल, बदलानंतरचा स्वच्छ मजकूर, कारण आणि इतर नियमांवर होणारा परिणाम एवढं हवं. पुराव्यासाठी मुखपृष्ठ आणि शीर्षकपृष्ठ स्कॅन करून जोडा, देवनागरीबरोबर रोमन लिप्यंतरही द्या. निवडलेलं पुस्तक आपल्या शेल्फवर हातात घेऊन तपासलेलं असावं, म्हणजे उलट प्रश्न आला तर उत्तर देता येतं.