जिनिंग, डाळ मिलची विद्युत तपासणी: त्रुटीचं पत्र का येतं?

दसरा जवळ आला की मराठवाड्यात जिनिंगवाल्यांची धावपळ सुरू होते आणि विद्युत निरीक्षक कार्यालयाची त्रुटीची पत्रंही यायला लागतात. मुद्दे दरवर्षी तेच.

अर्ज, तपासणी शुल्काचं चलन, वीजबिलाची प्रत यात फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते सिंगल लाइन डायग्रामपाशी, म्हणजे वीज कुठून येते आणि कुठल्या यंत्राला जाते हे एका रेषेत दाखवणाऱ्या आराखड्यापाशी. बहुतेकांकडे तो नसतोच, असला तर उभारणीच्या वेळचा. नंतर गाठी बांधायची प्रेस वाढली, जनरेटर आला, पण कागदावर त्यांचा पत्ता नाही. परवानाधारक ठेकेदाराकडून आजच्या जोडणीचा नवा आराखडा काढून घ्या. टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याचा परवाना त्या तारखेला चालू आहे ना, तेही बघा. मुदत संपलेल्या परवान्याची झेरॉक्स जोडून लोक महिना घालवतात.

दुसरं अर्थिंग. एका जिनिंगमध्ये अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, कुठे आहे विचारलं, तर दोन गडी अर्धा तास सरकीचा ढीग उपसत होते. खाली झाकण फुटलेलं, पट्टी गंजून तुटलेली. आपल्या काळ्या जमिनीत श्रावणात घेतलेलं अर्थच्या रोधाचं रीडिंग छान, म्हणजे कमी येतं. मे महिन्यात भेगा पडल्या की तोच आकडा चढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा, तारखेसह नोंदवही ठेवा. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला अर्थच्या दोन स्वतंत्र जोडण्या लागतात, एक चालत नाही.

दोन तपासण्यांमधल्या मुदतीचा गैरसमज तर फार आहे. पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे, सगळ्यांना मिळणारी सवलत नाही. शासन त्याहून कमी कालावधी ठरवू शकतं. चलन भरलं म्हणजे तपासणी झाली, असंही नाही. शासनाने अधिसूचित केलेल्या विद्युत दाबापर्यंत (व्होल्टेजपर्यंत) मालकाला स्वयंप्रमाणन, म्हणजे स्वतःच तपासून तसं लिहून देणं, करता येतं, पण त्यातही चाचण्या कराव्याच लागतात. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) न लावता स्वयंप्रमाणनाच्या नमुन्यावर सही करू नका. उद्या गड्याला शॉक लागला तर तीच सही समोर येईल.

त्रुटीच्या पत्रात ‘संचमांडणीतील (म्हणजे वीजजोडणी आणि यंत्रांच्या मांडणीतील) त्रुटींची पूर्तता करावी’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या पॅनेलमध्ये काय चुकलं, हे दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे? मोघम पत्र आलं तर कार्यालयात जाऊन मुद्देनिहाय विचारा. पूर्तता अहवालाला दुरुस्तीनंतरचे फोटो जोडा. आणि तपासणीच्या दिवशी वायरमनला सुट्टी देऊ नका, पॅनेलच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात.